अतिनीच तापमाननिर्मितीसाठी चुंबकीय पदार्थांची निवड : एक विवेचन

सारांश

एक केल्विनहून कमी तापमान निर्माण करण्याची चुंबकीय पद्धत १९३३ मध्ये प्रथम यशस्वी झाली. या पद्धतीत किती खालचे तापमान गाठता येईल, हे मुख्यतः विद्युत्‌चुंबकाच्या सामर्थ्यावर नव्हे, तर निवडलेल्या पदार्थातील चुंबकीय आयनांच्या परस्परसंबंधांवर ठरते. आयन दाटीने असतील तर पदार्थ अधिक उष्णता शोषू शकतो; परंतु दाटीमुळे आयन एकमेकांवर प्रभाव टाकतात आणि तापमानाची घसरण लवकर थांबते. या विरोधातून वेगवेगळ्या काळात निघालेले मार्ग, त्यांतून शक्य झालेले प्रयोग आणि हेलियम-३ या वायूच्या टंचाईमुळे या पद्धतीला पुन्हा आलेले महत्त्व यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बीजसंज्ञा : नीच तापमान भौतिकी, समचुंबकीय लवणे, एन्ट्रॉपी, निश्चुंबकन, हेलियम-३.

प्रस्तावना

हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग-ओन्स यांनी १० जुलै १९०८ रोजी हेलियम वायूचे द्रवीकरण केले आणि ४.२ केल्विन हे तापमान मानवाच्या आवाक्यात आले. माठातील पाणी बाष्पीभवनामुळे गार होते, त्याच तत्त्वावर द्रव हेलियमची वाफ पंपाने सतत ओढून घेतली, की तो द्रव आणखी थंड होतो. मात्र तापमान जसजसे उतरते, तसतसा वाफेचा दाब अतिशय वेगाने घटतो. अखेरीस ओढून घेण्याजोगी वाफच उरत नाही आणि पंप कितीही मोठा असला तरी उपयोग होत नाही. या मार्गाने १९३२ पर्यंत सुमारे ०.७ केल्विनपर्यंतच मजल गेली होती.

यापुढे जाण्यासाठी वायू किंवा द्रव सोडून निराळेच माध्यम शोधणे आवश्यक होते. पीटर डिबाय यांनी १९२६ मध्ये आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ विल्यम जिऑक यांनी जवळजवळ त्याच काळात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे असे सुचविले, की काही चुंबकीय लवणांचा उपयोग शीतनासाठी करता येईल. उष्णतागतिकीच्या तिसऱ्या नियमाची पडताळणी हा जिऑक यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांच्या दृष्टीने नीच तापमान हे या पडताळणीसाठी लागणारे साधन होते. या कार्याबद्दल त्यांना १९४९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चुंबकीय शीतनाचे तत्त्व

पॅरामॅग्नेटिक म्हणजे समचुंबकीय पदार्थातील प्रत्येक चुंबकीय आयन हा एक सूक्ष्म चुंबक असतो. बाहेरील चुंबकीय क्षेत्र नसताना या सूक्ष्म चुंबकांच्या दिशा अस्ताव्यस्त असतात. अव्यवस्थेचे हे मोजमाप म्हणजे पदार्थाची चुंबकीय एन्ट्रॉपी होय. गॅडोलिनियमच्या आयनाला आठ पातळ्या उपलब्ध असतात. त्यामुळे पूर्ण अव्यवस्थेत त्याची एन्ट्रॉपी दर मोलला सुमारे १७.३ ज्यूल प्रति केल्विन एवढी असते. सीरियमच्या आयनाला नीच तापमानात केवळ दोन पातळ्या उरतात आणि हीच राशी सुमारे ५.८ एवढी कमी होते.

शीतनाची क्रिया दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात लवण द्रव हेलियमच्या संपर्कात ठेवून त्यावर प्रबळ चुंबकीय क्षेत्र लावतात. सूक्ष्म चुंबक क्षेत्राच्या दिशेने वळतात, अव्यवस्था घटते आणि बाहेर पडणारी उष्णता हेलियम वाहून नेतो. दुसऱ्या टप्प्यात लवणाचा हेलियमशी असलेला संपर्क तोडतात आणि क्षेत्र हळूहळू कमी करतात. सूक्ष्म चुंबक पुन्हा अस्ताव्यस्त होऊ लागतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा बाहेरून मिळण्याची वाट बंद असल्यामुळे ती स्फटिकाच्या स्वतःच्या कंपनांतून घेतली जाते आणि स्फटिक थंड होतो. यालाच अॅडियाबॅटिक निश्चुंबकन म्हणतात. वायू दाबून त्याची उष्णता काढून घ्यावी आणि नंतर त्याला प्रसरण पावू द्यावे, त्याच्याशी ही क्रिया तंतोतंत जुळते. दाबाच्या जागी येथे चुंबकीय क्षेत्र आहे एवढाच फरक.

ही पद्धत नीच तापमानातच इतकी परिणामकारक का ठरते, याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे, १ टेस्ला क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या मूलभूत चुंबकीय आघूर्णाला मिळणारी ऊर्जा सुमारे ०.६७ केल्विन तापमानाशी समतुल्य असते. त्यामुळे १ केल्विनच्या आसपास असे क्षेत्र सूक्ष्म चुंबकांना वळवू शकते; ३०० केल्विनला उष्णतेच्या धडपडीपुढे ते निष्प्रभ ठरते. दुसरे म्हणजे, १ केल्विनला स्फटिकाच्या कंपनांत फारच थोडी एन्ट्रॉपी शिल्लक असते. म्हणून सूक्ष्म चुंबकांनी घेतलेली अल्प ऊर्जादेखील संपूर्ण स्फटिकाचे तापमान खाली आणण्यास पुरेशी होते.

१९३३ चा प्रयोग आणि त्यातून दिसणारी मर्यादा

जिऑक व त्यांचे सहकारी मॅक्‌डूगल यांनी ६१ ग्रॅम जलयुक्त गॅडोलिनियम सल्फेट घेऊन, सुमारे ०.८ टेस्ला क्षेत्र वापरून प्रयोग केले. १९ मार्च १९३३ रोजी सुमारे ३.४ केल्विनपासून आरंभ करून त्यांनी ०.५३ केल्विन गाठले. ८ एप्रिल रोजी सुमारे २ केल्विनपासून ०.३४ केल्विन आणि दुसऱ्याच दिवशी सुमारे १.५ केल्विनपासून ०.२५ केल्विन एवढे तापमान मिळाले.

या तीन जोड्यांचे गुणोत्तर काढून पाहिले तर ते अनुक्रमे ६.४, ५.९ आणि ६ येते. म्हणजे आरंभीचे तापमान काहीही असले तरी तापमान जवळपास सहापटींनीच उतरले. बाहेरील क्षेत्र शून्यावर आणले होते, तर मग तापमानही शून्याकडे का गेले नाही? याचे उत्तर असे, की सूक्ष्म चुंबकाला बाहेरील क्षेत्राबरोबरच शेजारच्या सूक्ष्म चुंबकांचे आणि स्फटिकरचनेचेही क्षेत्र जाणवत असते. बाहेरील क्षेत्र काढून घेतले तरी हे अंतर्गत क्षेत्र कायम राहते. ढोबळ हिशोबाने, अंतिम तापमानाचे आरंभीच्या तापमानाशी असलेले गुणोत्तर हे अंतर्गत क्षेत्राच्या बाह्य क्षेत्राशी असलेल्या गुणोत्तराएवढे असते. ०.८ टेस्लाचा सहावा हिस्सा म्हणजे सुमारे ०.१३ टेस्ला. गॅडोलिनियम सल्फेटमधील परिणामी अंतर्गत क्षेत्र साधारणतः याच प्रतीचे मानता येते.

चुंबकीय शीतनासाठी पदार्थ निवडण्याचा संपूर्ण प्रश्न या एका निरीक्षणात सामावलेला आहे. अधिक खाली जायचे तर अंतर्गत क्षेत्र कमी असलेला पदार्थ हवा. तापमान पुरेसे उतरले, की शेजारी आयन एकमेकांच्या प्रभावाने आपोआपच सुव्यवस्थित होतात. त्यानंतर निश्चुंबकनाने मिळवण्याजोगी अव्यवस्था उरत नाही. सुव्यवस्थेचे हे तापमान म्हणजे त्या पदार्थाच्या उपयुक्ततेची तळरेषा होय.

स्फटिकजल आणि तुरटी

अंतर्गत क्षेत्र कमी करण्याचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे चुंबकीय आयनांमध्ये अंतर राखणे. जलयुक्त लवणांत हे काम निसर्गतःच झालेले असते. स्फटिकजलाचे रेणू आणि इतर अचुंबकीय आयन चुंबकीय आयनांना वेढून त्यांना परस्परांपासून दूर ठेवतात. म्हणूनच या क्षेत्रात अनेक दशके ज्यांचा उपयोग झाला, ते पदार्थ रसायनशास्त्राच्या अध्यापकांना परिचयाचे आहेत. फेरिक अमोनियम तुरटी व्होलहार्ड अनुमापनात दर्शक म्हणून वापरली जाते. क्रोम तुरटी कातडी कमावण्याच्या उद्योगात वापरली जाते. पहिलीची तळरेषा सुमारे ३० मिलिकेल्विन, तर दुसरीची सुमारे १० मिलिकेल्विन आहे. मँगॅनीज अमोनियम सल्फेट मात्र सुमारे १७० मिलिकेल्विनलाच थांबते. सीरियम मॅग्नेशियम नायट्रेट या लवणात सीरियमच्या दर दोन आयनांमागे स्फटिकजलाचे २४ रेणू असतात. त्याची तळरेषा सुमारे २ मिलिकेल्विन इतकी खाली जाते.

या विरळपणाची किंमत अर्थातच मोजावी लागते. गॅडोलिनियम गॅलियम गार्नेट या घन, निर्जल स्फटिकाच्या एका घन सेंटिमीटरमध्ये जेवढे चुंबकीय आयन असतात, त्याच्या सुमारे आठव्या हिश्श्याएवढेच आयन सीरियम मॅग्नेशियम नायट्रेटच्या तेवढ्याच आकारमानात असतात. शिवाय प्रत्येक सीरियम आयनाची एन्ट्रॉपी गॅडोलिनियमच्या एकतृतीयांश असते. परिणामी सीरियमचे लवण खूप खाली जाते, पण अल्पशी उष्णता आत शिरताच ते पुन्हा तापू लागते. गार्नेट उष्णता भरपूर शोषू शकतो, परंतु १ केल्विनच्या खाली त्याची उपयुक्तता झपाट्याने कमी होते.

याखेरीज व्यवहारातील अडचणीही आहेत. जलयुक्त लवणे निर्वातात ठेवल्यास त्यांतील स्फटिकजल निघून जाते, म्हणून ती हवाबंद कुपीत ठेवावी लागतात. ती उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे बारीक धातुतारांच्या जुडग्याभोवती स्फटिक वाढवावा लागतो. तुरट्यांमुळे तांबे झिजते, म्हणून या तारा सोन्याच्या किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या असतात.

एका पदार्थाच्या गुणधर्माने शक्य झालेला प्रयोग

पदार्थाची निवड ही केवळ तांत्रिक बाब नसते, हे १९५६ च्या अखेरीस वॉशिंग्टन येथील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌समध्ये झालेल्या प्रयोगावरून स्पष्ट होते. ली आणि यांग यांनी अशी शंका उपस्थित केली होती, की काही किरणोत्सर्गी प्रक्रियांमध्ये निसर्ग डाव्या-उजव्यात भेद करीत असावा. त्याची परीक्षा करण्यासाठी कोबाल्ट-६० ची अणुकेंद्रे एका दिशेने वळवून त्यांतून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन कोणत्या बाजूला अधिक जातात, हे पाहणे आवश्यक होते. अणुकेंद्रे वळवायची तर तापमान केल्विनच्या शतांशाच्या आसपास असावे लागते आणि त्याच वेळी चुंबकीय क्षेत्रही लावावे लागते.

येथे पेच असा, की निश्चुंबकनाने थंड केलेल्या लवणावर पुन्हा क्षेत्र लावले तर ते तापते. श्रीमती वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीरियम मॅग्नेशियम नायट्रेट निवडल्यामुळे हा पेच सुटला. या स्फटिकाचे चुंबकत्व एका प्रतलात ठळक असते, परंतु त्या प्रतलाला लंब असलेल्या अक्षाच्या दिशेने ते जवळजवळ नसतेच. त्यामुळे आडव्या क्षेत्राने निश्चुंबकन करून नंतर उभे क्षेत्र लावले तरी स्फटिक फारसा तापला नाही आणि त्याच्या पृष्ठावरील कोबाल्टची अणुकेंद्रे मात्र वळली. स्फटिक तापून ही दिशाबद्धता नष्ट होण्यापूर्वी निरीक्षणासाठी काही मिनिटेच हाती होती. तेवढ्यात इलेक्ट्रॉनांच्या विषम वाटपाचा पुरावा मिळाला. या प्रकारच्या प्रक्रियांत डाव्या-उजव्याची समानता पाळली जात नाही, हा निष्कर्ष १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ली व यांग यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

इलेक्ट्रॉनाकडून अणुकेंद्राकडे

लवणांची तळरेषा इलेक्ट्रॉनी चुंबकत्वामुळे ठरते. त्याखाली जायचे तर त्याहून दुबळ्या सूक्ष्म चुंबकांचा आश्रय घ्यावा लागतो. अणुकेंद्राच्या चुंबकत्वाचे एकक इलेक्ट्रॉनाच्या एककाच्या सुमारे १८३६ व्या हिश्श्याएवढे असते. म्हणून अणुकेंद्रे एकमेकांवर अत्यल्प प्रभाव टाकतात आणि त्यांची तळरेषा फार खोल असते. परंतु याच कारणाने त्यांना वळविणेही कठीण असते. तांब्याचा विचार केल्यास १० मिलिकेल्विन तापमान आणि ८ टेस्ला क्षेत्र अशा परिस्थितीतही अणुकेंद्रांची एन्ट्रॉपी केवळ सुमारे ९ टक्क्यांनी घटते. म्हणजेच या पद्धतीच्या आरंभालाच आधीच्या पद्धतीचे अंतिम तापमान हाती असावे लागते.

ऑक्सफर्ड येथे कुर्ती, सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये तांब्याच्या अणुकेंद्रांचे निश्चुंबकन करून त्यांचे तापमान केल्विनच्या काही लक्षांशांपर्यंत उतरविले. मात्र थंड झाली ती अणुकेंद्रे. धातूतील इलेक्ट्रॉन आणि स्फटिक जालक त्यांच्यामागोमाग तेवढे थंड झाले नाहीत. पुढील दशकांत ही त्रुटी दूर करण्यात आली. तांबे शुद्ध स्वरूपात सहज मिळते व उत्तम उष्णतावाहक आहे, म्हणून तेच या पद्धतीचे मुख्य द्रव्य राहिले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी तांब्याच्या अणुकेंद्रीय निश्चुंबकनाचा उपयोग करून बिस्मथच्या अतिशुद्ध स्फटिकात ०.५३ मिलिकेल्विनखाली अतिसंवाहकता आढळते, असे दाखवून दिले. हे संशोधन डिसेंबर २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने प्रसिद्ध केले. बिस्मथमध्ये प्रवाह वाहून नेणारे इलेक्ट्रॉन इतके विरळ असतात, की अतिसंवाहकतेच्या प्रस्थापित उपपत्तीने तिचे स्पष्टीकरण देता येत नाही. ही अतिसंवाहकता ५.२ मायक्रोटेस्ला एवढ्या क्षीण क्षेत्रानेही नष्ट होते. पृथ्वीचे क्षेत्र त्याच्या कितीतरी पट असल्यामुळे ते अडविण्याची विशेष योजना करावी लागली होती.

हेलियम-३ ची टंचाई आणि अवकाशातील उपयोग

प्रयोगशाळांत १९६५ नंतर हेलियम-३ व हेलियम-४ यांच्या मिश्रणावर चालणारे विरलन प्रशीतक प्रचारात आले. निश्चुंबकनाने मिळणारा थंडावा एका खेपेपुरता असतो. विरलन प्रशीतक मात्र महिनोन्‌महिने अखंड चालतो. त्यामुळे लवणांची पद्धत मागे पडली. परंतु हेलियम-३ मुख्यतः ट्रिटियमच्या क्षयातून मिळतो आणि ट्रिटियमचे साठे अण्वस्त्र कार्यक्रमांशी निगडित आहेत. २००१ नंतर अमेरिकेत न्यूट्रॉन शोधकांसाठी या वायूची मागणी वाढली आणि २००८-०९ च्या सुमारास त्याची तीव्र टंचाई जाणवली. ज्या वायूचा पुरवठा अशा रीतीने मोजक्या राष्ट्रांच्या हाती आहे, त्यावर मूलभूत संशोधन अवलंबून असणे किती अडचणीचे आहे, हे तेव्हा सर्वांच्या लक्षात आले.

अवकाशात तर घन लवणाचा आणखी एक लाभ आहे. नेहमीच्या विरलन प्रशीतकातील द्रवांचे थर वेगळे राहण्यासाठी गुरुत्वाकर्षण लागते; निश्चुंबकनाला ते लागत नाही. जपानच्या सुझाकू उपग्रहावरील क्ष-किरण उपकरण फेरिक अमोनियम तुरटीच्या साहाय्याने ६० मिलिकेल्विनला कार्य करणार होते. परंतु जुलै २००५ मधील उड्डाणानंतर महिन्याभरातच उपग्रहावरील द्रव हेलियम निघून गेला. तुरटी होती, चुंबक होता. पण तिची उष्णता स्वीकारणारे माध्यमच उरले नाही आणि ते उपकरण निकामी झाले.

या अनुभवानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये गेलेल्या हितोमी उपग्रहासाठी त्रिस्तरीय रचना करण्यात आली. अंतिम ५० मिलिकेल्विनसाठी क्रोम तुरटी आणि वरच्या दोन टप्प्यांसाठी गॅडोलिनियम लिथियम फ्लुओराइड वापरण्यात आले. खालच्या टप्प्यात विरळ लवण आणि वरच्या टप्प्यांत दाट स्फटिक, ही विभागणी वर सांगितलेल्या विरोधातून काढलेली वाट होय. तिसरा टप्पा ठेवण्याचा एक हेतू असा होता, की द्रव हेलियम संपला तरी यांत्रिक प्रशीतकाच्या आधारे काम चालू राहावे. हितोमी मार्च २०१६ मध्येच निकामी झाला. तरी तत्पूर्वी त्याने परशू दीर्घिकासमूहातील तप्त वायूच्या खळबळीचा वेग सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर असल्याचे मोजले होते. याच रचनेचे उपकरण घेऊन ७ सप्टेंबर २०२३ रोजी ‘क्रिझम’ उपग्रह अवकाशात गेला.

नव्या पदार्थांचा शोध

अलीकडच्या संशोधनात आयन दूर ठेवण्याऐवजी त्यांची मांडणीच अशी करण्याचा प्रयत्न आहे, की जवळ असूनही त्यांना सुव्यवस्थित होता येऊ नये. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन सूक्ष्म चुंबक असून प्रत्येकाला शेजाऱ्याच्या विरुद्ध दिशा हवी असेल, तर दोघांचे समाधान झाले तरी तिसरा अडचणीत येतो. अशा पदार्थांना कुंठित चुंबक म्हणता येईल. कुंठितावस्थेमुळे अव्यवस्था फार खालच्या तापमानापर्यंत टिकून राहते आणि शीतनासाठी उपलब्ध होते. पोटॅशियम, बेरियम व यिटर्बियम यांच्या एका निर्जल बोरेटने २ केल्विन व ५ टेस्लापासून आरंभ करून २२ मिलिकेल्विन गाठल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. स्फटिकजल नसल्यामुळे निर्वात आणि उष्णता या दोहोंचे भय त्याला नाही. २०२४ मध्ये चिनी संशोधकांनी सोडियम, बेरियम व कोबाल्ट यांच्या फॉस्फेटमध्ये ९४ मिलिकेल्विनपर्यंतचे शीतन हेलियम-३ शिवाय साधल्याचे जाहीर केले. अशा पदार्थांची निर्मिती हे मुख्यतः घन-अवस्था रसायनशास्त्राचे काम आहे.

समारोप

जिऑक यांनी पहिल्या दिवशी गाठलेले तापमान ०.५३ केल्विन होते. मुंबईत बिस्मथची अतिसंवाहकता आढळली ती ०.५३ मिलिकेल्विनला. आकड्यांचे हे साम्य योगायोगाचे आहे, परंतु त्यांच्यामधील हजारपटींचे अंतर योगायोगाने कापले गेलेले नाही. दोन्ही प्रयोगांमागील तत्त्व एकच आहे. बदलला तो पदार्थ. गॅडोलिनियमच्या आयनाची जागा तांब्याच्या अणुकेंद्राने घेतली. विद्युत्‌चुंबक अधिक प्रबळ करून किंवा पंप मोठा करून जे साधत नाही, ते योग्य पदार्थाच्या निवडीने साधते, असा या इतिहासाचा निष्कर्ष आहे. हेलियम-३ सारख्या दुर्मिळ वायूवर ज्यांचे नियंत्रण नाही, अशा देशांतील प्रयोगशाळांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. स्फटिक वाढविणे, त्याची रचना तपासणे आणि त्यातील आयनांची मांडणी बदलून पाहणे ही कामे रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र या दोन विभागांनी एकत्रितपणे हाती घेण्याजोगी आहेत. नीच तापमानाच्या पुढील टप्प्याचा आरंभही बहुधा अशा एखाद्या स्फटिकापासूनच होईल.